सगळीकडे सारखा बास

“अरे, पन्नाशीत रांगतोस? माणसं हसतील!” शेजाऱ्यांच्या आई पलंगावरून ओरडत होत्या. शेजारी हॉलभर रांगत होते. त्यांच्या नव्या स्पीकरचा बास, म्हणजे खालचा घुमणारा आवाज, एका कोपऱ्यात असा घुमे, की पंचवटीतली कबुतरं सातपूरला राहायला गेली. सोफ्यावर मात्र तो डासाएवढा. म्हणून त्यांनी बासचा डबा सोफ्यावर बसवून वाजवला होता. रांगताना जिथे तो नीट ऐकू येईल, तीच त्याची खरी जागा.

“शास्त्र आहे,” ते मला म्हणाले. चहात साखर घालतानाही हेच म्हणतात.

जागा सापडली, ती आईंच्या पलंगाखाली.

“मी मेल्यावर ठेव,” आई म्हणाल्या. शेजारी आठवडाभर उपाशी असल्यासारखे फिरले.

मग एकदा आमच्या कपबश्या थरथरल्या. मी जाऊन विचारलं, “आई, ठेवू दिलात?”

“दिला. कंबरेला बरं वाटतं.”