कोलशेतच्या शेडमधलं तांदळाचं ताट

माझी नात केतकी चित्रकार आहे. माणसं गाव सोडून कुठे गेली, गोऱ्या साहेबाने त्यांना कसं राबवलं, नव्या जागी ती कोण झाली, असली चित्रं काढते. ठाण्याला कोलशेतमध्ये, एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये तिचं प्रदर्शन लागलं. मी जाणार नव्हते. चित्रं काय पळून जातात? पण परवा तिचा फोन आला, "आजी, तुझ्या माहेरी जाऊन आले. तुझं जुनं नाव सापडलं!" मी फोन आपटला आणि निघायचं ठरवलं.

आमच्या साताऱ्याकडे मुलींवर मुली झाल्या की शेवटचीला 'आता पुरे' अशा अर्थाचं नाव ठेवायचे. म्हणजे पुढे मुलगा होतो म्हणे. माझं तसलंच होतं. इथे लिहिणार नाही. हजेरीला पुकारलं की वर्ग हसायचा, म्हणून दुसरीतच शाळा सोडली. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने 'सुलभा' लिहिलं आणि मी सुटले. डोंबिवलीत कुणाला पत्ता नाही. आता ते भिंतीवर लागणार असेल तर उतरवून यायचं होतं.

त्यात शेजारच्या पाटणकरबाई मागे लागल्या. निवृत्त शिक्षिका, दिसेल ती पाटी मोठ्याने वाचतात. नाही म्हणता येईना.

जाणाऱ्यांसाठी सांगते, शिळफाट्याच्या वाटेला लागू नका. मोठागावच्या पुलावरून माणकोलीला निघा, तिथून हायवेने माजिवडा, मग कोलशेत. आम्ही मोबाइलवरून गाडी मागवली. दोघींत परवडते. पुलावर वारा छान होता. बाई म्हणाल्या, "सुलभाताई, गप्प का?"

"गाडी लागते मला," मी म्हटलं. उभ्या जन्मात लागली नाही.

शेडमध्ये तिकीट नाही, पंखे आहेत, बसायला एकच बाक. समोरच्या भिंतीवर महायुद्धात लष्करासाठी उभारलेल्या कल्याण कॅम्पातली एकच बराक तीनदा काढलेली. पहिल्या चित्रात गोरे शिपाई, दुसऱ्यात सिंधमधून आलेले निर्वासित, तिसऱ्यात साड्या वाळत घातलेल्या बायका. कोपऱ्यात डोक्यावर घमेलं घेतलेला माझा सासरा. बराकी बांधायलाच तो गावाहून आला होता. त्याचं नाक बरोबर आलंय. स्वभाव मात्र बराच गोड काढलाय.

पुढे बायकांची चित्रं, प्रत्येकीखाली पितळी ताट, ताटात तांदूळ, त्यात तिचं माहेरचं नाव. पाटणकरबाई वाचत सुटल्या, "द्वारका... ठकी... गोदावरी..." माझं चित्र शेवटी होतं. मी बाईंच्या पुढे घुसले.

ताट कोरं होतं. तांदूळ सपाट केलेले, वर एक अंगठी.

केतकी मागून आली. "फोन का ठेवलास गं? विचारणार होते ना, लिहू का म्हणून."

"मग 'सापडलं, सापडलं' करून नाचत का होतीस?"

"सापडलं म्हणून. पण तू कधी कुणाला सांगितलं नाहीस, तर मी कोण लिहिणारी? तूच लिही. जे हवं ते."

"इथे खाली लिहिलंय, 'हरवलेली नावं'," पाटणकरबाई म्हणाल्या.

"हरवलेलं नाही," मी म्हटलं. "काही गोष्टी टाकूनही देतात माणसं." अंगठी घेतली आणि तांदळात सु-ल-भा काढलं. 'भ' जरा लंगडा आला.

मग कडकडून भूक लागली. जवळच एका आगरी खानावळीत तांदळाची भाकरी आणि बोंबील खाल्ले. बाईंनी भाकरीबरोबर ठेचा मागवला आणि नाकाला पदर लावून बसल्या. "माहेरचं नाव काय हो तुमचं?" त्यांनी विचारलंच.

"जेवताना बोलू नये, असं तुम्हीच पोरांना शिकवायचात ना?"

बोंबील एक नंबर. दुपारी एकच्या आत जा, नंतर संपतात.

घरी येऊन अशी झोपले की सुनेने दोनदा हलवलं. चित्रांतलं मला फार कळलं नाही. सासऱ्याचं घमेलं तेवढं डोळ्यांपुढे राहिलं. त्या माणसाचा कुणी कधी फोटोसुद्धा काढला नव्हता.

संध्याकाळी केतकीचा फोन. "आजी, एका बाळाने तुझ्या ताटात हात घातला. नाव पुसलं गं. मी परत लिहू का?"

"नको. प्रदर्शन संपलं की त्या तांदळाचा भात लाव. नाव मी घरी घेऊन आलेय."