विमानाभोवतीची फेरी

दुसरं महायुद्ध संपून दहाएक वर्षं झाली असतील. बल्लारपूर स्टेशनाबाहेर पोंभुर्ण्याला जाणाऱ्या बैलगाडीत मी बसलो होतो. कोटटोपीतला एक रुबाबदार प्रवासी आला आणि चढण्याआधी, राजा हत्तीची पाहणी करतो तशा थाटात, गाडीभोवती फिरून चाकं हलवू लागला.

"साहेब, हे उडत नाई," गाडीवान म्हणाला. मी पोट धरून हसलो.

"मी वैमानिक होतो. उडण्याआधी विमानाभोवती अशीच फेरी मारतात," तो शेजारी बसत म्हणाला. गाडी निघाल्यावर तो पुढे सांगू लागला, "एकदा मेकॅनिकने पेट्रोलची टाकी तपासायला सांगितलं. मी म्हटलं, माझं विमान मला आवाजावरून कळतं. त्यालाही सोबत घेऊन उडालो. टाकीत पाणी शिरलं होतं; इंजिन बंद पडून विमान कोसळलं. मी वाचलो, तो गेला. चौकशीत मी दोष त्याच्यावरच ढकलला. त्याची आई पोंभुर्ण्यात असते, आज तिला खरं सांगणार आहे."

गाडीवानाने बैल थांबवले. "ते बुढी मागच्या पोळ्याले गेली, साहेब. तुह्या पोरानं इमान पाडलं, असं गाव तिले बोलून राह्यलं होतं. आयकत आयकतच गेली."

साहेबाने टोपी काढली आणि सगळी हकिगत पहिल्यापासून पुन्हा गाडीवानाला सांगितली.

गाडीवानाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आता मले सांगून काय होते?"