बिराजदार सरांचा जोंधळा

बिराजदार सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या विद्यापीठ उपकेंद्राच्या वनस्पती संग्रहालयात बरण्या पुसत होते. ऐकता ऐकता हातातली बरणी छातीशी धरली आणि लगेच घाबरून खाली ठेवली. सर असते तर ओरडलेच असते! बाग आणि संग्रहालय त्यांच्याकडे होतं, आणि बरणीला कुणी बोट लावलेलं त्यांना खपत नसे. पाहुण्यांना म्हणायचे, "श्वास जरा तिकडं सोडा, काचेवर वाफ धरती."

त्यांचा जीव अडकला होता एका जोंधळ्यात. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर सास्तूर गावाहून त्यांच्या आईनं पदरात बांधून आणलेलं ते बियाणं. दुसऱ्या कुणाकडंच ते उरलं नव्हतं. थोडं बरणीत सीलबंद, बाकीचं बागेतल्या एका वाफ्यात दरवर्षी पेरलेलं. तिकडं चिमणी फिरकली तरी सर प्राध्यापकपणा विसरून हाकारे देत धावत.

एके वर्षी बाग ठेवायची की तिथं वाहनतळ करायचा, हे ठरवायला समिती आली. थंडीचे दिवस, आमच्याकडं पाहुणा हुरड्याशिवाय परत गेला तर नाक कापलं जातं. माळी दस्तगीरमामूंनी आगटी पेटवली, गूळ-चटणी मांडली. सर रंगात येऊन सांगत होते, "हा वाण आमच्या वाफ्याबाहेर आता कुठंच न्हाय." अध्यक्षांनी तोंडातला घास घोळवत विचारलं, "आणि हा हुरडा कुठला हो? काय गोड आहे!"

"त्याच वाफ्यातला," मामू खुशीत म्हणाले, "सायबलोकांस्नी हलकं कसं द्यावं? समदी कणसं खुडली बघा."

सर पांढरेफटक पडले... मला वाटलं, हा माणूस आता आगटीतच बसतो. पण त्यांनी हात पुढं केला, मूठभर खाल्ला, आणि आणखी मागितला. पाहुण्यांसमोर शोभा नको म्हणून गिळत असतील, असं मी समजले. समितीनं बाग राखली. पुढच्या थंडीत पुन्हा येऊ, असं अध्यक्षांनी आवर्जून बजावलं. दुसऱ्या दिवशी सरांनी स्वतःच बरणीचं सील फोडलं. बी जुनं, उगवेल की नाही याचा घोर. पुढच्या पेरणीनंतर मोजकीच ताटं वर आली, तोवर ते मामूंशी धड बोलले नाहीत.

परवा बागेतच शोकसभा झाली. भाषणं संपली आणि मामू ताटलीत हुरडा घेऊन आले. मी ताटलीकडं बघितलं आणि मग वाफ्याकडं. "बियाची कणसं येगळी राखलीत, मॅडम," ते घाईनं म्हणाले.

सरांच्या पत्नीनं पहिली मूठ उचलली. खाता खाता हसायला लागल्या, डोळे मात्र वाहत होते. "मामू, समिती आलती त्या दिवशी घरी येऊन काय म्हणाले म्हाईतंय? बियासाठी राखून राखून आई गेल्यापासनं दाणा तोंडात टाकला नव्हता, आज पोटभर खाल्ला. लई गोड होता म्हणाले."

मामूंनी ताटली खाली ठेवली. "मग माझ्याशी बोलत का न्हवते, वैनी?"

"लाजत होते हो, राखणाऱ्यानंच आणखी मागून खाल्लं म्हणून," त्या म्हणाल्या.