सत्याच्या कॅरव्हॅनमधलं मीठ

आता हे कुठल्या तोंडाने सांगू असं वाटतं, पण चहा समोर आलाय आणि माझी बायको मुग्धा आत भजी तळतेय. म्हणजे दहा मिनिटं तरी ती मला दुरुस्त करायला बाहेर येणार नाही. तेवढ्यात सांगून टाकतो. तुम्ही हसणार हे मला माहीत आहे. हसा. फक्त सत्यासमोर हसू नका.

सत्या म्हणजे सतीश. नागपूरला हॉस्टेलच्या एका खोलीत आम्ही पाच वर्षं काढली, आणि पुढे एकाच महिन्यात दोघं इंग्लंडमध्ये लीड्सला आलो. मी भूलतज्ज्ञ, लोकांना झोपवणं हा माझा धंदा. सत्या रेडिऑलॉजिस्ट. इतकी वर्षं आमचं उत्तम जमलं, कारण आमच्याकडे सगळं सारखं होतं. सारखं घर, सारखी गाडी, दोघांच्या मागच्या अंगणात सारखंच वाळलेलं गवत.

मग दोन वर्षांपूर्वी त्याने कॅरव्हॅन घेतली. गाडीच्या मागे ओढत न्यायचं घर हो. आत पलंग, शेगडी, फ्रिज, न्हाणीघर, सगळं. पांढरीशुभ्र, लांबलचक, आणि बाजूला निळा पट्टा. पहिल्याच ट्रिपला त्याने आम्हाला लेक डिस्ट्रिक्टला बोलावलं. मुग्धा खिडकीशी चहाचा कप घेऊन बसली आणि म्हणाली, "असं काहीतरी आयुष्यात हवं, नाही?"

आमच्या घरी मी आठ महिने राबून नवीन किचन करून घेतलं तेव्हा ती काय म्हणाली होती माहीत आहे? "बरं झालंय."

वर आमची इरा, जन्मली इथेच, ती म्हणाली, "बाबा, सतीशकाकाचा कॅरव्हॅन किती मस्त आहे. आपला कधी येणार?" एरवी मी तिला कॅरव्हॅन 'तो' नसून 'ती' असते हे समजावलं असतं. त्या दिवशी माझ्यात तेवढं त्राण नव्हतं. मी जळत होतो. उगाच दुसरा शब्द कशाला वापरू? अगदी पोटातून जळत होतो.

तीन महिन्यांत मी पण कॅरव्हॅन घेतली. जुनी होती. आत कुत्र्याचा वास यायचा आणि डावीकडचं कपाट ब्रेक लावला की आपोआप उघडायचं. सत्या तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाला, "छान आहे बे, शिऱ्या. थोडी काळजी घेतली तर दहा वर्षं चालेल." थोडी काळजी! जणू पेशंटच्या नातेवाइकांशी बोलत होता. शहराबाहेर एका शेतकऱ्याच्या आवारात कॅरव्हॅन उभ्या करायची सोय आहे, तिथे दोघांनी शेजारी शेजारी जागा घेतल्या. म्हणजे आता दोन्ही एका नजरेत दिसायच्या. ही माझीच कल्पना होती, आणि तीही मूर्खपणाचीच.

ऑक्टोबरात सत्याचा फोन आला. "रविवारी ये. दोघं मिळून कॅरव्हॅन हिवाळ्यासाठी बंद करू."

"बंद करायला दोघं कशाला लागतात?"

"अबे, पाणी काढावं लागतं, पाइप रिकामे करावे लागतात, बरंच असतं. इथल्या थंडीत फुटतात ते."

"मला येतं," मी म्हणालो.

मला येत नव्हतं. पण सत्याकडून शिकायचं म्हणजे त्याची कॅरव्हॅन भारी, त्याची अक्कलही भारी. एवढं कबूल करायला मी तयार नव्हतो. त्याने मग व्हॉट्सॲपवर सत्तावीस कलमांची यादी पाठवली. मी पहिली तीन वाचली, उत्तरादाखल अंगठा पाठवला आणि फोन खिशात टाकला.

मी माझी कॅरव्हॅन आपल्याकडे गावाला जाताना घर बंद करतात तशी बंद केली. आईने शिकवलेलं सगळं आठवून. नळ पिळून घट्ट, फ्रिजचं दार घट्ट, खिडक्या घट्ट, हँडब्रेक तर असा ओढला की माझा खांदा दुखला. टाकीतलं पाणी ठेवलं, वसंतात परत भरायला नको म्हणून. वरून निळी ताडपत्री, आणि सुतळीने आवळून बांधली. वाऱ्यालाही आत शिरायला जागा ठेवली नाही. लांब उभं राहून पाहिलं आणि फार समाधान वाटलं.

डिसेंबरात सत्या आणि त्याची बायको अदिती सहा आठवड्यांसाठी पुण्याला गेले. तिच्या भावाचं लग्न होतं. जाताना कॅरव्हॅनची किल्ली माझ्या हातात दिली. "पंधरा दिवसांनी एकदा डोकावून ये. फक्त बघ. हात कशालाही लावू नकोस."

हात लावू नकोस म्हणे. मी रोज माणसांचे श्वास सांभाळतो, आणि माझ्या हातांवर याचा विश्वास नाही.

मी पंधरा दिवस थांबलोच नाही, चौथ्या दिवशी गेलो. का गेलो? चूक शोधायला. दार उघडलं आणि काय आनंद झाला सांगू! नळ सगळे उघडे. फ्रिजचं दार सताड, मध्ये टॉवेलची घडी अडकवलेली. गाद्या पलंगावर झोपवायच्या सोडून भिंतीला उभ्या. हा आपला व्यवस्थित सत्या! लग्नाच्या घाईत तसाच पळाला होता. मी सगळे नळ बंद केले, फ्रिज लावला, गाद्या आडव्या केल्या. मित्रावर उपकार करताना इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

आणि मग मला कोपऱ्यात वाटी दिसली.

वाटीत मीठ. जाडं खडेमीठ, काठोकाठ. दुसऱ्या कोपऱ्यात बघतो तर दुसरी वाटी. चारही कोपऱ्यांत चार, आणि पाचवी बरोबर मधोमध. वर कपाटाच्या मुठीला एक काळी पुरचुंडी लटकत होती. बाहेरूनच चाचपली. आत कोळसा. आणि पलंगाखाली ओळीने टाकलेल्या सुक्या लाल मिरच्या.

मीठ, मिरच्या, काळ्या फडक्यात कोळसा. तुम्ही मराठी घरात वाढलात ना? मग मला समजावून सांगायची गरज नाही. ही दृष्ट लागू नये म्हणूनची तयारी होती, आणि तीही अगदी जय्यत.

पण कुणाची दृष्ट? त्या आवारात सगळे गोरे म्हातारे कॅरव्हॅनवाले. ते कशाला बघतील? त्या कॅरव्हॅनकडे रोखून बघणारा माणूस आख्ख्या यॉर्कशायरमध्ये एकच होता. एकेक आठवायला लागलं. लेक डिस्ट्रिक्टला मी म्हणालो होतो, "काय चकाचक आहे रे," आणि त्याच संध्याकाळी तिचं चाक पंक्चर झालं होतं. त्या वेळी अदितीने माझ्याकडे एकदा पाहिलं होतं. तेव्हा मला वाटलं जॅक मागतेय.

घरी येऊन मुग्धाला सांगितलं. म्हटलं, "त्यांनी माझी दृष्ट लागू नये म्हणून मीठ ठेवलंय."

"अरे, अदिती डोळ्यांची डॉक्टर आहे. ती असलं काही मानत नाही."

"डोळ्यांची डॉक्टर आहे म्हणूनच तिने माझे ओळखले."

मुग्धाने कणकेवर पाण्याचा हात फिरवला. मग म्हणाली, "पण तू बघतोस मात्र तसाच हं."

मला खूप लागलं ते. जळत होतो हे खरं, पण ते माझं आतल्या आत होतं. सत्याला ते कळलं, त्याने बायकोला सांगितलं, दोघांनी मिळून वाट्या मांडल्या, आणि वर किल्ली माझ्याच हातात दिली. वर्षानुवर्षांची मैत्री पाच वाट्यांत घालून ठेवली होती. आणि खरं सांगू? त्यातही मला हेवा वाटला. त्याच्याकडे दृष्ट लागण्यासारखं काहीतरी होतं. माझ्या कॅरव्हॅनसाठी कुणी चिमूटभर मीठ वाया घालवलं नसतं.

जानेवारीत परत गेलो. थंडी म्हणजे विचारू नका, शेतातलं डबकं गोठून काचेसारखं झालेलं. दार उघडलं आणि आधी कोपऱ्यातली वाटी पाहिली. मिठाला पाणी सुटलं होतं. पाचही वाट्यांत नुसता ओला गाळ. माझी मावशी सांगायची, मीठ पाघळलं की समजावं, नजर जबर होती. लहानपणी मी तिला हसायचो. आता हसू येईना. म्हणजे माझ्या डोळ्यांत एवढी ताकद?

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. मी कशाकडेही धड बघेना. हॉस्पिटलमध्ये एका सहकाऱ्याने नव्या गाडीचे फोटो दाखवले, मी मान फिरवली. शेजारणीचं तान्हं बाळ समोर आलं, मी डोळे मिटून कौतुक केलं. शेवटी गॉगल लावायला लागलो. लीड्सला, जानेवारीत. दुपारी साडेतीनला दिवे लागायच्या सुमारास मी काळा गॉगल लावून भाजी आणत होतो.

सत्या आणि अदिती परतले आणि आम्हाला लगेच जेवायला बोलावलं. मी गॉगल लावूनच गेलो. अदितीने दार उघडलं. "अरे श्रीरंग, डोळे आलेत का? दाखव बघू."

"नको," मी दोन पावलं मागे सरकलो. "तुमच्याच भल्यासाठी लावलाय."

तिला काही कळलं नाही. जेवायला बसलो. सत्या लग्नाचं सांगत होता, मी काळ्या काचेतून काळी आमटी बघत होतो. मुग्धा म्हणाली, "आमटीला मीठ जरा हवं होतं का गं?"

बस. माझं भांडं तिथेच फुटलं.

"मीठ कसं असेल? सगळं कॅरव्हॅनमध्ये मांडलंय ना, माझ्या नजरेला," मी म्हणालो. "जळतो मी, सत्या. कबूल. पहिल्या दिवसापासून जळतो. पण तोंडावर सांगायचं होतंस. मीठ कशाला ठेवायचं?"

सत्याने घास ताटात ठेवला. "अबे, ते मीठ दमट हवेसाठी आहे."

"काय?"

"बंद कॅरव्हॅनमध्ये ओल धरते. मीठ ती ओढून घेतं. इथे सगळेच ठेवतात."

"आणि कोळसा?"

"कुबट वास येऊ नये म्हणून."

"मिरच्या?"

"उंदीर." सत्याने फोन काढला, ती सत्तावीस कलमांची यादी उघडली आणि माझ्यापुढे धरली. "कलम एकोणीस, वीस, एकवीस. खाली तुझा अंगठा आहे बघ."

मी गॉगल काढला, तेव्हा कुठे वाचता आलं. खाली खरंच माझा अंगठा होता. कलम चार होतं, टाकी आणि पाइप रिकामे करून नळ उघडे ठेवणे. कलम सात, हँडब्रेक सोडून चाकांना ठोकळे लावणे, नाहीतर ब्रेक धरून बसतात. कलम अकरा, ताडपत्री कधीही घालू नये, आत घाम सुटतो. फ्रिज उघडा ठेवणं, गाद्या उभ्या करणं, सगळं होतं. मी जे जे केलं होतं त्या प्रत्येकाविरुद्ध एक कलम होतं.

"सत्या," मी हळूच म्हणालो, "तुझे नळ मी बंद केले. फ्रिजही. गाद्या आडव्या केल्या."

त्याने फोन परत खिशात टाकला. आता हा उठणार आणि आपल्याला बाहेर काढणार असं वाटलं. इतक्या वर्षांचा एवढाच एक मित्र मला या देशात, तोही मी स्वतःच्या हाताने घालवला होता. पण सत्या म्हणाला, "पाणी मी आधीच काढलं होतं, तेव्हा फुटलं काही नसेल. सकाळी जाऊन बघू." मग भाताचं भांडं माझ्याकडे सरकवून म्हणाला, "जळत होतास तर मागायची होतीस बे. दोन आठवडे घेऊन गेला असतास."

मी भात वाढून घेतला.

सकाळी चौघं आवारात गेलो. सत्याच्या फ्रिजमध्ये बुरशीचे चार ठिपके आणि एक गादी जरा ओलसर. मी फडकं घेऊन तासाभरात सगळं पुसून काढलं. खडेमीठ नवं भरलं. मग सत्या म्हणाला, "चल, आता तुझी."

सुतळी कापली, ताडपत्री ओढली. आतून पाण्याचा एक लोट अंगावर आला. दार उघडलं. नळ फुटून दोन तुकडे झालेले, पाइपला चीर, जमीन फुगून वर आलेली, भिंती खालपासून वरपर्यंत काळ्या. गाद्यांमध्ये उंदरांचं एक भरलं कुटुंब राहत होतं. आणि कॅरव्हॅन ओढून बाहेर काढावी म्हटलं तर चाकं हलेनात, ब्रेक धरून बसलेले.

सत्या त्या सगळ्यातून वाट काढत आत गेला. कोपऱ्यात जाऊन त्याने स्वतःकडच्या उरलेल्या मिठाची एक वाटी ठेवली, एवढंच. मला राहवेना. म्हणालो, "कुणाची तरी दृष्टच लागली असणार रे हिला."

मुग्धा दारातून आत डोकावली. एकदा भिंतींकडे, एकदा उंदरांकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "त्यासाठी आधी कुणीतरी बघावं लागतं, श्रीरंग."

दुरुस्तीला वसंत उजाडला. या ऑक्टोबरात मात्र सत्तावीसच्या सत्तावीस कलमं केली, सत्याला बोलावून, त्याच्या हाताखाली. तो पुढे, मी स्क्रू ड्रायव्हर धरून मागे. आता माझ्याकडेही मिठाच्या वाट्या आहेत. त्याच्याकडे पाच, माझ्याकडे आठ. हे त्याच्या अजून लक्षात आलेलं नाही. पण मी रोज वाट बघतोय.