छोट्या बेगमला ऊन लागू नये म्हणून

आधी हातातला चहा खाली ठेवा, न्हाईतर सांडंल. आता ही माझी फजिती कुठून सुरू करू बरं?

निजामाचं राज्य होतं. मी नांदेडच्या तहसील कचेरीत नवा कारकून. ऐन वैशाखात तहसीलदारसाहेबांनी बोलावलं.

"दोपहर की गाडी से छोटी बेगम आ रही हैं. बहुत नाजूक हैं. लू नहीं लगनी चाहिए. घर पहुँचा दो."

छोटी बेगम? म्हणजे साहेबांनी दुसरा निकाह केला! विचारायची हिंमत कुणाची? मी आपलं मनातच समजून घेतलं.

टांगा ठरवला. पण बेगम म्हटल्यावर पडदा आलाच की! पळत साहेबांच्या घरी गेलो. दाराआडून बेगमसाहेबांना अदबीनं म्हणालो, "छोटी बेगम आ रही हैं, टांगे के लिए परदा चाहिए."

 आत पितळेचं कायतरी आदळलं. पडदा मिळाला, पण थेट तोंडावर!

स्टेशनावर गाडी आली. एका नोकरानं माझ्या हातात वेताची टोपली दिली. "छोटी बेगम."

"हाव, पर वो किधर हैं?"

"अंदर," म्हणाला अन् गर्दीत गेला.

अंदर म्हणजे जनाना डब्यातच ना? टोपली उन्हात ठेवली, डब्यापुढं वाकून कुर्निसात केला. "तशरीफ लाइए!"

आतून एक म्हातारी कडाडली, "आरं मुडद्या, बायांच्या डब्यात काय बघून राहिलास?" अन् तांब्याभर पाणी माझ्या डोस्क्यावर.

गाडी गेली. बेगम न्हाईच! तेवढ्यात टोपली कुंई कुंई करू लागली. झाकण उघडलं, तर आत नारळाएवढी, झुबकेदार केसांची पांढरी कुत्री! जीभ बाहेर, डोळे मिटलेले, लई धाप लागलेली.

 तिला उचलून सावलीत पळालो. माठातलं पाणी ओंजळीनं थोडं थोडं पाजलं, ओल्या धोतरानं तिचं पोट अन् पाय पुसले, टोपीनं वारा घातला. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले अन् कचकन माझं बोट चावलं. नोकरी लागली तेव्हाबी एवढा आनंद झाला नव्हता!

पडद्यावर पाणी मारून तिला टांग्यात आत बसवलं. घरी पोचतो तो काय, आत रणकंदन! "अजी कुतिया है, बहन ने भेजी है," साहेब शपथा घेऊन राहिले होते. अन् बाई म्हणत होत्या, "अभी से गालियाँ? बेचारी आई भी नहीं!"

बाई तणतणत बाहेर आल्या अन् टांग्याचा पडदा ओढला. छोटी बेगम शेपूट हलवत त्यांच्या अंगावर! बाई हसून हसून पायरीवरच बसल्या.

साहेब मात्र हसले न्हाईत. "मैंने दूसरा निकाह किया, ये तुमसे किसने कहा?"

"किसी ने नहीं, हुजूर. मैं खुद ही समझ गया."

साहेबांनी चक्क माझ्यापुढं हात जोडले. "मेहरबानी करो. आइंदा खुद कुछ मत समझना!"