माहीत-नाही बाई आणि बावीस अंडी

ये गं सुमे, अशी जवळ ये. उंबऱ्यात कसली उभी राहतेस पाहुण्यासारखी? श्रीरामपूरहून रोज एसटीनं बेलापुरात येतेस, आमच्या शाळेत शास्त्र शिकवतेस, आणि हे मावशीला कळावं कुणाकडून, तर दूधवाल्याकडून! आणि आलीस की हातात तो मोबाईल. ठेव खाली. राग नाही माझा, पण त्या शाळेत तुझ्याआधी कोण शिकवायचं ते तुला ठाऊक असायला हवं, म्हणून सांगते.

त्या बाई आमच्या मागच्या खोलीत पाच वर्षं भाड्यानं राहिल्या. मूळच्या मिरजगावकडच्या. एकट्या. पोरं त्यांना म्हणायची माहीत-नाही बाई. कारण काहीही विचारलं की त्या आधी म्हणायच्या, "माहीत नाही!" आणि ते असं खुशीत म्हणायच्या, की जणू पेढे वाटतायत. मी चौथीत शाळा सोडलेली. पुढचं वाचायला माझी मीच शिकले, पुडीचे कागद वाचून. मला वाटायचं, मास्तरणीला सगळं माहीत असतं, त्याचाच तर पगार. ही कसली मास्तरीण, जी "माहीत नाही" म्हणून हसते? मी एकदा तोंडावरच विचारलं. तर म्हणाल्या, "काकू, माहीत नाही म्हटलं की पुढं बघायला सुरुवात करता येते. माहीत आहे म्हटलं की संपलं." मला तेव्हा काही कळलं नाही. आताही सगळं कळलंय असं नाही.

त्यांच्या खिडकीत भाकरीचे तुकडे असायचे, काचेच्या झाकणाखाली. एक कोरडा, एक पाणी शिंपडलेला. दसऱ्याची आवराआवर चालली होती, मी त्यांची खोली झाडायला घेतली. बघते तर ओल्या तुकड्यावर हिरवं-काळं मखमलीसारखं उगवलेलं. म्हटलं, बिचारीला आवरायला वेळ होत नाही. दोन्ही तुकडे उकिरड्यावर टाकले आणि झाकणं राखेनं लख्ख घासून ठेवली. संध्याकाळी बाई आल्या, खिडकीपाशी थांबल्या, मग मला म्हणाल्या, "काकू, ती नऊ दिवसांची बुरशी होती. पोरांना दाखवायची होती." मी शरमले. त्या मात्र चिडल्या नाहीत. माझ्याच चुलीवरची भाकरी मागून घेतली, पुन्हा दोन तुकडे केले आणि मला समोर बसवून सांगितलं, "भाकरी एकच, जागा एकच, झाकण सारखंच. फक्त पाणी वेगळं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे कुणामुळं काय झालं ते कळतं." मी मान डोलावली. मनात म्हटलं, शिळ्या भाकरीचे एवढे लाड!

जिवंत कशाला म्हणायचं, यावरूनही आमचं वाजलं होतं. मी म्हणायची, डब्यातली बाजरी मेलेली, हालत नाही न् डुलत नाही. त्यांनी मूठभर बाजरी ओल्या फडक्यात बांधून ठेवली. दोन दिवसांनी फडकं सोडलं तर पांढरे कोंब. मी म्हटलं, "अगं बाई, म्हणजे वर्षभर जितं-जागतं कोंडून ठेवलं व्हय मी डब्यात?" त्या पोट धरून हसल्या.

आता खरी गोष्ट ऐक. ही माझ्या सुनेची, संगीताची आहे.

माझ्या दत्ताचं लग्न होऊन सहा वर्षं झाली होती, आणि संगीताची कूस रिकामी. आमच्याकडं खुडूक कोंबडीखाली अंडी उबवायला ठेवायची तर लेकुरवाळीच्या हातानं ठेवायची, ही रीत. संगीतानं एकदा ध्यानात न राहून ठेवली आणि नेमकी ती सगळी नासली. आमच्या वन्सं तेव्हा इथं राहायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बघ वैनी, हात लागला की अंडीबी कुजत्यात. घरात काय उगवनार? दिवाळीला हिला म्हायेरी धाडू, दत्तासाठी मी दुसरं ठिकान बघून ठिवलंय." आणि खोटं कशाला बोलू, सुमे, मी गप्प राहिले. नातवंडाची आस मलाही होती. आणि ती नासलेली अंडी मी डोळ्यांनी बघितली होती ना!

संगीता कोंबड्यांकडं जायचीच बंद झाली. बाईंच्या ते ध्यानात आलं. मला म्हणाल्या, "काकू, हातामुळं नासली?" मी म्हटलं, "मंग कशानं?" तर आपलं ठरलेलं उत्तर, "माहीत नाही. बघू या का?"

बावीस अंडी एकाच पाटीत एकत्र केली. काळी न् तांबडी, दोन्ही कोंबड्या खुडूक होत्या. अकरा मी काळीखाली ठेवली, अकरा संगीतानं तांबडीखाली. एकवीस दिवस बाई शाळेतून आल्या की आधी खुराड्यात डोकावायच्या. बाविसाव्या दिवशी माझ्या पाटीत नऊ पिल्लं. संगीताच्या पाटीत चार.

वन्संना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मी काय सांगत हुते?" संगीता पदर तोंडात कोंबून गोठ्यामागं गेली. आणि बाई? भिंतीला टेकून खाली बसल्या. म्हणाल्या, "चूक माझी आहे. हात वेगळा होता, पण कोंबडीही वेगळी होती. मी दोन गोष्टी एकदम बदलल्या. यावरून काहीच कळत नाही. काकू, मला अजून एकदा करू द्या."

मी पुरती गोंधळले. डोळ्यांपुढं नऊ आणि चार दिसतायत, आणि ही म्हणते काहीच कळत नाही! पण शिकलेल्या बाईनं माझ्यापुढं चूक कबूल केली, हे मला कुठंतरी लागलं. वन्संना म्हटलं, दिवाळी होऊ द्या, मग बघू. कोंबड्या पुन्हा खुडूक व्हायला दोन-तीन महिने गेले. तोवर संगीता घरात सावलीसारखी वावरायची.

दुसऱ्या वेळी हात तेच, कोंबड्या उलट. काळीखाली संगीतानं ठेवली, तांबडीखाली मी. आठव्या दिवशी बाईंनी दुपारी खोलीची दारं-खिडक्या लावल्या आणि मोबाईलच्या बॅटरीवर एकेक अंडं धरलं. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा, मधे एक ठिपका. तो ठिपका हलत होता. सुमे, गावातल्या सात पोरींची बाळंतपणं केलीत मी, पण असं आतलं कधी बघितलं नव्हतं. संगीतानं माझा दंड घट्ट धरला. काही अंड्यांत मात्र नुसता पिवळा उजेड. माझ्याही पाटीत तसली होती, संगीताच्याही.

"ही नासली?" मी विचारलं.

"नासली नाहीत. यांत पिल्लू धरलंच नव्हतं. कोंबडीचं अंडं आहे, पण कोंबड्याचं बीज पोचलेलं नाही. कुणाच्याही हातानं ठेवा, पिल्लू निघणार नाही."

मी थक्क. "म्हंजे त्यात कोंबड्याचंबी असतं?"

"निम्मं, काकू."

निम्मं! चार पोरांची आई मी, आणि हा हिशोब मला साठीत कळला. संगीता माझ्याकडं बघेना, मी तिच्याकडं बघेना. त्या खेपेला संगीताची आठ निघाली, माझी पाच. तांबडी पहिलटकरीण, सारखी उठून हिंडायची, हे तेव्हा लक्षात आलं. बाई तरीही म्हणाल्या, "दोनदाच पाहिलंय. पण हाताचा दोष काही दिसत नाही."

मी दत्ताला म्हटलं, "दवाखान्यात चल. दोघंबी." तो उसळला, "मला काय धाड भरलीय?" मी म्हटलं, "तिला भरली व्हती का? सहा वर्सं तिनं ऐकलं, तू अर्धा दिवस सुई टोचून घे." गेला शेवटी. श्रीरामपूरला झालं सगळं. आणि डॉक्टर काय म्हणावेत? दोघांतही काही सापडत नाही.

मी कागद घेऊन तशीच बाईंकडं गेले. "आता काय वो?" त्यांनी कागद दोनदा वाचले. मग माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "माहीत नाही, काकू." त्या दिवशी मात्र त्या हसल्या नाहीत.

वन्सं दिवाळीला आल्या तेव्हा मी दारातच सांगितलं, "कारनच कुनाला ठावं न्हाई, तर शिक्षा कुनाला द्यायची? संगी माझ्या घरात ऱ्हानार." त्या दोन वर्षं माझ्याशी बोलल्या नाहीत. संगीतानं त्या दिवशी वन्संच्या आधी माझ्या ताटात वाढलं.

पोर झालं नाही त्यांना. आजतागायत नाही. आता संगीताच्या ऐंशी कोंबड्या आहेत. आणि गंमत अशी, की गावातल्या बायका आपली अंडी घेऊन तिच्याकडं येतात. म्हणतात, संगीताच्या हाताला यश आहे, तिनं ठेवलेलं फुकट जात नाही. परवा एक सासू नव्या सुनेला घेऊन आली, संगीताचा हात तिच्या डोक्यावर ठेवायला. संगीतानं ठेवला. तिचा चेहरा असा उजळला, की मला पुढं बोलवेना. हाही त्याच माळेतला मणी, हे मला कळतं गं. फक्त उलटं. पण ज्या हाताला सहा वर्षं नावं ठेवली, तो कुणी मागायला आलं तर नको कसं म्हणू?

बाई निवृत्त होऊन मिरजगावला गेल्या होत्या. त्यांना फोनवर हे सांगितलं. आधी खदखदून हसल्या, मग सगळं पुन्हा सांगायला लावलं. म्हणाल्या, "मी येते काकू. समोर बसून ठरवू." आल्या नाहीत. महिन्याभरानं त्यांच्या बहिणीचा फोन आला, त्या गेल्याचा.

आता मी कुणाला विचारू? रविवारी संगीता नवी अंडी ठेवणार आहे, दोन-चार बायका येतीलच. तू ये. तिच्याशेजारी बस, बघ, आणि मी बोलावं की गप्प राहावं ते सांग. नाही सांगता आलं तरी चालेल. पण ये गं, लवकर ये.