कमलताईचं प्रेशर

फेब्रुवारीतला शेवटचा रविवार, १९५६. घाटकोपरला कमलताईच्या खोलीत हजर: भावजी (ताईचे यजमान), ताईच्या शाळेचे हेडमास्तर, शेजारच्या वत्सलाबाई आणि मी, तिची धाकटी बहीण. ताईला जाऊन तीन आठवडे झाले होते. हेडमास्तर म्हणाले, "बाई जरा गप्प राहिल्या असत्या, तर आज असत्या." मी चहा त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "गप्प होती ते महिने मी पाहिलेत, मास्तर."

शाळेत मुलींसाठी संडास नव्हता. मुली सकाळपासून पाणी प्यायच्या नाहीत. ताई त्यासाठी कमिटीशी भांडत होती, तेवढ्यात प्रेशर निघालं. डॉक्टरांनी मीठ बंद केलं, सर्पगंधेच्या गोळ्या दिल्या, विश्रांती सांगितली. बाकीचं घराने ठरवलं: शाळेतलं काही तिच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. भेटायला आलेल्या शिक्षिकांना भावजी "झोपलीय" म्हणून दारातूनच परत पाठवायचे. ती आत टक्क जागी असायची... आणि पारा चढतच राहिला.

एकदा मी मुलुंडहून आले, तेव्हा डॉक्टर भावजींना समजावत होते. भीती वाटली, राग आला की मूत्रपिंडांवरच्या दोन चिमुकल्या ग्रंथी रक्तात ॲड्रेनलिन सोडतात. काळीज धडधडतं, रक्तवाहिन्या आवळतात, दाब वाढतो. रोजचंच झालं की हृदय थकतं.

ताई उठून बसली. "आणि राग गिळला, की त्या ग्रंथी रजेवर जातात वाटतं?"

डॉक्टर हसले. "नाही हो. गिळलेलाही त्यांना कळतो."

"ऐकलंत ना? मालू, तू सांग. संडासाचं काय झालं?"

भावजींनी डोळे वटारले. शिक्षिकांकडून कळलेलं मी सांगून टाकलं: त्या जागेवर कमिटी सायकलींची शेड बांधणार आहे.

ताईने गोळी घेतली आणि मुलींच्या आयांना निरोप धाडला. दुपारी दोघी-दोघी यायच्या. ती पडल्या पडल्या बोलायची, मध्ये झोपायची. पारा थोडा उतरला. आजार गेला नाही, हृदय आधीच थकलं होतं, हे मला ठाऊक आहे. पण आया कमिटीपुढे जाऊन बसल्या. संडास झाला, आणि तो झाल्याचं ऐकलं, मगच ती गेली.

हे सगळं हेडमास्तरांनी मान खाली घालून ऐकलं. निघताना म्हणाले, "शाळेत बाईंचा फोटो लावू."

"फोटो नंतर," मी म्हटलं. "संडासाच्या दाराला आतून कडी नाही. एक मुलगी आत जाते, दुसरी बाहेरून दार धरून उभी राहते."

कडी मी विकत घेऊन दिली आहे. सुतार अजून आलेला नाही.